सेन्सेक्सचं भाकीत आणि कांद्याची चाळ

नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असताना कुणी ठासून सांगितलं, की डिसेंबर २०३० मध्ये लाल कांदा क्विंटलला बरोब्बर चार हजार दोनशे रुपयांनी जाणार, तर ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरी त्याच्याकडे एकदा बघेल, हसेल आणि व्यापारी आपल्या ट्रॉलीपाशी कधी येतो याकडे लक्ष लावेल. वादसुद्धा घालणार नाही. काही वर्षांनंतरचं सोडाच, सकाळचा भाव दुपारी टिकेल की नाही हेही या आवारात कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पण याच शेतकऱ्याच्या मोबाईलवर ‘सेन्सेक्स २०३० पर्यंत दीड लाख’ असा मजकूर येतो, सोबत कोट घातलेल्या तज्ज्ञाचा फोटो असतो, आणि संध्याकाळपर्यंत तो मजकूर भाऊबंदांच्या सगळ्या ग्रुपवर फिरून आलेला असतो.

कांद्याच्या बाबतीतली सावधगिरी कुठल्या पुस्तकातून आलेली नाही. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. तो तेव्हाच विकायचा की साठवणुकीसाठी चाळीत भरायचा, हा निर्णय म्हणजे पाच-सहा महिन्यांनंतरच्या भावाचं भाकीतच असतं. ते चुकलं तर भरपाई भाकीत करणाऱ्याच्याच खिशातून होते. चाळीत कांदा सुकतो, सडतो, कोंब धरतो. पावसाळा सरेपर्यंत वजनात तिसऱ्या हिश्शापर्यंत घट येते. एकट्या २०२३ सालाचा हिशेब बघावा. वर्षाच्या सुरुवातीला भाव इतके कोसळले की राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. पुढे भाव सावरू लागले, तर १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क आलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थेट निर्यातबंदी. ११ डिसेंबरला शरद पवार चांदवडला येऊन मुंबई-आग्रा महामार्गावरच्या रास्ता रोकोत बसले. त्या वर्षी ‘हिवाळ्यात भाव राहणार’ असं म्हणणाऱ्यांचा पिकाचा अंदाज चुकलेला नव्हता. दिल्लीतून निघणारी अधिसूचना मात्र त्यांच्या हिशेबात नव्हती, आणि असणारही कशी?

शेअर बाजाराच्या लांबच्या भाकितांतही बहुतेक वेळा हेच होतं. जे पुढे निर्णायक ठरतं, ते भाकीत मांडताना कागदावर नसतं. फरक एवढाच, की चाळ भरणारा चुकला तर त्याचा कांदा सडतो. सेन्सेक्सचं टार्गेट देणारा चुकला तर त्याचं काहीच जात नाही. आकडा आणि तारीख अशी जोडगोळी असलेल्या भाकितावर गुंतवणूकदाराने विश्वास ठेवू नये, याचं सगळ्यात मोठं कारण अर्थशास्त्रात नाही, ते इथे आहे.

२०१४ ची लोकसभा निवडणूक संपली तेव्हा सेन्सेक्स २५ हजारांच्या आसपास होता आणि बाजारात उत्साह मावत नव्हता. त्याच सुमारास कार्वी या हैदराबादच्या नावाजलेल्या दलाली पेढीने अहवाल काढला: डिसेंबर २०२० पर्यंत सेन्सेक्स एक लाखावर. म्हणजे साडेसहा वर्षांत चौपट, वर्षाला साधारण २४ टक्के वाढ. देशभरच्या वर्तमानपत्रांनी मथळे दिले. ३१ डिसेंबर २०२० ला सेन्सेक्स बंद झाला ४७,७५१ वर. सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही खाली. २०२५ साल संपलं तरी लाखाचा आकडा आलेला नव्हता.

कार्वीचं स्वतःचं काय झालं, तेही नोंदवायला हवं. ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण ठेवून कर्ज उचलल्याच्या प्रकरणात नोव्हेंबर २०१९ मध्ये बाजाराची नियामक संस्था सेबीने तिला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. वर्षभरात, नोव्हेंबर २०२० मध्ये, राष्ट्रीय शेअर बाजाराने तिला थकबाकीदार घोषित केलं. म्हणजे देशाच्या बाजाराचं सहा वर्षांनंतरचं भविष्य सांगणारी पेढी, तिने सांगितलेला महिना उजाडण्याआधीच आटोपली. पेढीतल्या गैरव्यवहारावरून तिच्या अहवालातलं गणित खोटं ठरत नाही, हे खरं. तरीही नियतीचा हा विनोद विसरण्यासारखा नाही.

आता दुसरी बाजू. त्या साडेसहा वर्षांत सेन्सेक्स वर्षाला सुमारे दहा टक्क्यांनी वाढला, लाभांश वेगळा. नोटाबंदी, जीएसटी, आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेची पडझड आणि कोरोना एवढं सगळं पचवून मिळालेले दहा टक्के वाईट म्हणता येत नाहीत. पैसे गुंतवून गप्प बसलेल्याचं काही बिघडलं नाही. अडचण झाली असेल तर चौपट होणार म्हणून जमिनीच्या व्यवहाराचं बयाणं देऊन बसलेल्याची.

‘दीर्घकाळात बाजार वाढतोच’ हे वाक्य चुकीचं नाही, पण ते अर्धवट आहे. सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ सालचा, तेव्हाचा आकडा १००. मार्च २०२५ अखेर तो ७७,४०० च्या पुढे होता. छेचाळीस वर्षांत वर्षाला साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास. फंड विकणाऱ्यांच्या प्रत्येक सादरीकरणात हा आकडा असतो. मात्र ही वाढ कधी, कशी आली ते बघितलं की चित्र बदलतं. १९७९ ते मार्च १९९२ या तेरा वर्षांत निर्देशांक १०० वरून ४,२८५ वर गेला, म्हणजे वर्षाला ३३ टक्क्यांहून जास्त. मार्च १९९२ मध्ये एखाद्याने पट्टी ठेवून तीच रेषा पुढे ओढली असती, तर मार्च २००३ मध्ये सेन्सेक्स त्याला लाखावर दिसला असता. प्रत्यक्षात मार्च २००३ अखेर तो ३,०४९ होता. अकरा वर्षं थांबून मुद्दल घटलेलं, आणि त्यातला बराच काळ बँकेच्या मुदत ठेवीवर दहा टक्क्यांहून अधिक व्याज मिळत होतं!

मग २००३ मध्ये कंटाळून बाहेर पडलेल्याने काय पाहिलं? पुढच्या पाच वर्षांत निर्देशांक पाचपटीच्या वर, मार्च २००८ अखेर १५,६४४. त्यानंतर पुन्हा कोरडा पट्टा: मार्च २०२० अखेर २९,४६८, म्हणजे बारा वर्षांत वर्षाला जेमतेम साडेपाच टक्के. आणि लगेच पुढच्या चार वर्षांत अडीच पट, मार्च २०२४ अखेर ७३,६५१. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी जाणकार मंडळी मागच्या टप्प्याची रेषा पुढे ओढत होती आणि प्रत्येक वेळी बाजाराने रस्ता बदलला. सरासरी साडेपंधरा टक्के असलेल्या या प्रवासात ‘सरासरी’ वर्षं शोधावीच लागतात.

१९९२ चा आकडा एवढा फुगला कसा, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. शेअर दलाल हर्षद मेहताने बँकांचा पैसा बाजारात ओतला, एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर काही शे रुपयांवरून नऊ हजारांपलीकडे नेला. पण त्या वेळी यामागे ‘सिद्धान्त’ही सांगितला जात होता: असा सिमेंटचा कारखाना आज नव्याने उभारायचा तर किती खर्च येईल, त्या हिशेबात शेअर अजून स्वस्तच आहे. ऐकायला पटणारं होतं. २३ एप्रिल १९९२ ला पत्रकार सुचेता दलाल यांची या गैरव्यवहाराची बातमी टाइम्स ऑफ इंडियात छापून आली आणि सिद्धान्तासकट सगळं कोसळलं. लोकांची स्मरणशक्ती तरी किती? जानेवारी १९९४ मध्ये मॉर्गन स्टॅनली ग्रोथ फंडाच्या अर्जांसाठी रांगा लागल्या, कोरे अर्ज काळ्या बाजारात विकले गेले. दहा रुपयांचं युनिट पुढे कित्येक वर्षं दहाच्या खाली घुटमळत राहिलं.

याहून जुना दाखला मुंबईच्या पहिल्या शेअर-वेडाचा. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत मुंबईत बँका, वित्तसंस्था आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचं पीक आलं. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपये भरणा झालेला शेअर पन्नास हजारांवर गेला. दलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे भाव. या सगळ्या इमारतीच्या तळाशी एकच भाकीत होतं: युद्ध चालू राहील, कापूस महाग राहील. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, कापूस कोसळला, आणि काही महिन्यांत मुंबईची निम्मी श्रीमंती कागदावरच उरली. बँक ऑफ बॉम्बेही त्यात बुडाली. गंमत अशी की ज्या थळ घाटातून खानदेशचा कापूस झपाट्याने मुंबईला उतरायचा, तिथला रेल्वेमार्ग त्याच वर्षी सुरू झाला. कापसाचा भाव गेला, पण लोहमार्ग राहिला आणि पुढे मनमाडसारखी जंक्शनं त्यावरच मोठी झाली. देशाची प्रगती होणं आणि शेअर घेणाऱ्याला पैसे मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘भारत तिसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था होणार, म्हणून सेन्सेक्स इतका होणार’ असं एका दमात म्हणणाऱ्यांना १८६५ ची मुंबई दाखवावी.

नाहीतर जपान. २९ डिसेंबर १९८९ ला तिथला निक्केई ३८,९१५ वर होता. तो आकडा पुन्हा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं. चौतीस वर्षं! मधल्या काळात टोयोटाच्या गाड्या जगभर धावतच होत्या.

मोठ्या संस्था हल्ली एकच आकडा देत नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मॉर्गन स्टॅनलीने २०२४ च्या अखेरीस डिसेंबर २०२५ साठी सेन्सेक्सचा ९३ हजारांचा अंदाज दिला, तेव्हा तेजीचा आणि मंदीचा असे आणखी दोन आकडे दिले होते आणि प्रत्येकाची शक्यता किती टक्के तेही सांगितलं होतं. ही पद्धत प्रामाणिक आहे. फक्त मथळ्यात त्यातला एकच आकडा येतो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धक्क्याने बाजार आपटला आणि हाच अंदाज ८२ हजारांवर आणला गेला. बाजार पुन्हा वर आल्यावर पुढच्या जूनसाठी ८९ हजारांचा नवा आकडा आला. यात लबाडी नाही. नवी माहिती आली की अंदाज बदलणारच. पण बाजार पडला की टार्गेट पडतं आणि चढला की चढतं, तर गुंतवणूकदाराला त्यातून आजच्या भावापलीकडचं नेमकं काय कळलं, हा प्रश्न उरतोच.

एवढं असून भाकितं थांबत का नाहीत? कारण त्यांना गिऱ्हाईक आहे. मार्च २०२० मध्ये देशात डीमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती. पाच वर्षांत ती एकोणीस कोटींच्या पुढे गेली. एसआयपीतून महिन्याला येणारी रक्कम ऑक्टोबर २०२४ मध्ये पंचवीस हजार कोटींवर पोचली. एवढ्या नव्या मंडळींना ‘पुढे काय होईल ते ठाऊक नाही’ असं सांगून खातं उघडायला लावता येत नाही. शिवाय चुकण्याची रीतही ठरलेली आहे. सगळ्यांबरोबर चुकलात तर नोकरी राहते, एकट्याने चुकलात तर जाते. म्हणून आकडे एकमेकांच्या जवळ राहतात. अमेरिकेतले अभ्यासक फिलिप टेटलॉक यांनी २८४ तज्ज्ञांची हजारो राजकीय-आर्थिक भाकितं वीस वर्षं जमवून तपासली आणि २००५ मध्ये पुस्तक लिहिलं. सरासरी तज्ज्ञाची कामगिरी ढोबळ ठोकताळ्यांहून फारशी बरी नव्हती. जे जास्त प्रसिद्ध आणि जास्त ठाम, ते उलट जास्त चुकत होते.

बरोबर ठरलेलं भाकीतही कधीकधी उपयोगाचं नसतं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी ५ डिसेंबर १९९६ ला बाजारातल्या अवाजवी उत्साहाबद्दल इशारा दिला. फुगा होता हे खरंच होतं, पण तो फुटला २००० साली. मधली तीन वर्षं बाहेर बसलेल्याने दुपटीच्या आसपासची तेजी गमावली.

मग दीर्घकालीन अंदाज करूच नयेत का? तसं नाही. एका प्रकारचा अंदाज बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो आणि तो फारसा आकर्षक नसतो. व्हॅनगार्डचे संस्थापक जॉन बोगल तो साध्या बेरजेने मांडत. शेअरमधला परतावा तीन ठिकाणांहून येतो: लाभांश, कंपन्यांच्या नफ्यातली वाढ, आणि त्या नफ्याला लोक किती पट भाव मोजतात त्यातला बदल. पहिल्या दोहोंचा ढोबळ अंदाज बांधता येतो, कारण देशाच्या उत्पादनापेक्षा नफा कायम वेगाने वाढू शकत नाही. तिसरी गोष्ट माणसांच्या लहरीवर. १९९२ मध्ये सेन्सेक्सच्या नफ्याला लोक पन्नास पटीहून जास्त भाव देत होते, २००३ मध्ये पंधरा पटही नाही. त्या अकरा वर्षांत कंपन्यांचा नफा वाढला होता, तो सगळा या घसरणीने खाल्ला. म्हणजे आज भाव किती पट मोजतोय, एवढं बघितलं तरी पुढच्या दहा-पंधरा वर्षांबद्दल थोडंफार कळतं. पुढच्या दिवाळीबद्दल काहीच कळत नाही.

वॉरन बफे यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये फॉर्च्यून मासिकात हेच गणित केलं. त्या वर्षी गॅलपने केलेल्या पाहणीत पाच वर्षांहून कमी अनुभव असलेल्या अमेरिकी गुंतवणूकदारांना पुढच्या दहा वर्षांत दरसाल २२.६ टक्क्यांची अपेक्षा होती. वीस वर्षांहून जास्त अनुभव असलेल्यांना १२.९ टक्क्यांची. बफे म्हणाले, पुढची सतरा वर्षं साधारण सहा टक्के धरा. लोकांना ते म्हातारपणाचं लक्षण वाटलं. पुढची सतरा वर्षं सरली तेव्हा लाभांश धरूनही परतावा सहाच्या खालीच भरला. या भाकितात तारखेचा थाट नव्हता आणि उत्साहाला अजिबात जागा नव्हती. कदाचित म्हणूनच ते जमलं.

चांदवड, वडाळीभोई किंवा वडनेर भैरवच्या घरात हा प्रश्न सेन्सेक्सच्या आकड्याने येत नाही. तो कॅल्क्युलेटरने येतो. महिन्याला पाच हजारांची एसआयपी, वीस वर्षं. स्वतःचे घातलेले बारा लाख. बारा टक्के धरले तर हाती पन्नास लाखांच्या आसपास. पंधरा टक्के धरले तर पंचाहत्तर लाखांच्या पुढे. आठ टक्के धरले तर तीसही भरत नाहीत. मोबाईलवर बोटाने ती टक्क्यांची घुंडी सरकवणं म्हणजेच दीर्घकालीन भाकीत करणं, आणि ते करताना कुणाच्या मनात शंकाही येत नाही. महागाई सहा टक्के राहिली तर वीस वर्षांनंतरचे पन्नास लाख आजच्या साडेपंधरा लाखांएवढे असतील, हे सांगणारी घुंडी बहुतेक ठिकाणी नसते किंवा दुसऱ्या पानावर असते.

त्यातून शेतकरी कुटुंबाची गरज तारखेला बांधलेली असते. अभियांत्रिकीचा प्रवेश जुलै-ऑगस्टमध्येच होतो, खत-बियाण्यांचे पैसे पेरणीआधीच लागतात, द्राक्षबागेची औषधं थांबत नाहीत. २०२० च्या जानेवारीत ४२ हजारांना टेकलेला सेन्सेक्स २३ मार्चला २५,९८१ वर होता. तो पुढे सावरला, वर्षअखेरीस नव्या उंचीवर गेला, हे आज सांगणं सोपं आहे. ज्याला एप्रिलमध्येच पैसे काढावे लागले, त्याचा दीर्घकाळ एप्रिलमध्येच संपला. म्हणून ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे तो पैसा तारीख पाच-सात वर्षांवर आली की हळूहळू शेअरमधून बाहेर काढावा, हिशेब आठ-नऊ टक्क्यांनी मांडावा, जास्त मिळालं तर आनंद मानावा. हा सल्ला कुणी फॉरवर्ड करत नाही.

निर्देशांक वाढला म्हणजे आपला शेअर वाढला असंही नाही. १९८६ मध्ये सेन्सेक्स सुरू झाला तेव्हाच्या तीस कंपन्यांत हिंदुस्थान मोटर्स आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स होत्या. अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट कधी रस्त्यावरून नाहीशा होतील असं तेव्हा कोण म्हणालं असतं? बल्लारपूर इंडस्ट्रीजही होती; तीही पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. इन्फोसिसचे शेअर बाजारात यायला अजून सात वर्षं होती, एचडीएफसी बँकेची स्थापनाच झालेली नव्हती. निर्देशांक आपल्यातली म्हातारी माणसं बदलत राहतो, म्हणून तो तरुण दिसतो. कुणाच्या कपाटातली प्रमाणपत्रं अशी आपोआप बदलत नाहीत.

नाशिक जिल्ह्याला यातला आणखी कडू प्रकार ठाऊक आहे. २०१४ मध्ये केबीसी आणि २०१६ मध्ये मैत्रेय या गुंतवणूक कंपन्यांच्या फसवणुकीचं प्रकरण उघड झालं, तेव्हा गावोगावचे संसार त्यात सापडले. तिथे भाकीत नव्हतं, थेट हमी होती: अमुक वर्षांत इतके पट. प्रामाणिक दलाली पेढीचा चुकलेला अंदाज आणि हा प्रकार एकाच पारड्यात घालता येणार नाही. पण पुढचे आकडे डोळे झाकून ऐकायची सवय दोन्हीकडे एकच असते, आणि लुबाडणारे ती सवय तयार मिळते म्हणूनच गावात येतात. आता त्यांची जागा मोबाईलवरच्या ‘मार्गदर्शकां’नी घेतली आहे. सेबीच्याच अभ्यासाप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. ‘दीर्घकाळात श्रीमंत’ हे ऐकून आलेला तरुण दोन वर्षं बाजार हलला नाही की याच दरवाजातून आत जातो.

भाकीत करणाऱ्यांना शिस्त लावता येते, याचं उदाहरण सरकारी खात्यातच आहे. हवामान विभाग एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा दीर्घकालीन अंदाज देतो. त्यात सरासरीच्या किती टक्के पाऊस हे असतं, आणि शेजारी ‘पाच टक्के कमी-जास्त’ ही चुकीची मर्यादाही छापलेली असते. २०२३ मध्ये अंदाज ९६ टक्क्यांचा होता, पाऊस झाला ९४. २०२४ मध्ये अंदाज १०६ चा, पाऊस १०८. देशात १०८ टक्के पडला म्हणून चांदवडच्या पाझर तलावात पाणी आलंच असं नाही, हे इथल्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. सरासरी आणि आपलं शिवार यांतला फरक त्यांना पाठ आहे. पण विभागाला शिव्या देण्यासाठी तरी लोकांकडे जुना आकडा असतो, कारण हंगाम संपल्यावर विभाग तो स्वतःच समोर ठेवतो. दलाली पेढ्यांच्या पाच-सहा वर्षांच्या टार्गेटची अशी हजेरी कुणी घेत नाही. संशोधन विश्लेषकांसाठी सेबीची नियमावली २०१४ पासून आहे. २०२५ मध्ये सेबीने त्यांच्या मागच्या कामगिरीचे दावे तपासून घेण्याची यंत्रणा उभारण्याच्या दिशेने पाऊल टाकलं, तेही चांगलंच आहे. मात्र ती यंत्रणा शिफारशींतून प्रत्यक्ष किती परतावा मिळाला ते तपासते. ‘सेन्सेक्स अमुक सालात अमुक’ या घोषणा तिच्या कक्षेबाहेरच राहतात.

सेबीने एक छोटी अट घातली तरी पुरेल. निर्देशांकाचं तीन वर्षांपलीकडचं टार्गेट जाहीर करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेने त्याच पानावर आपली मागच्या दहा वर्षांतली अशी सगळी टार्गेट, त्यांच्या तारखा आणि त्या तारखेचा खरा आकडा छापावा. वर्तमानपत्रांनाही यात सूट नको. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या व्यवहारांनिमित्त दरवर्षी नव्या संवताचे अंदाज अर्थपानावर येतात, चार-पाच पेढ्यांचे, फोटोसह. येत्या दिवाळीला त्याच पेढ्यांचे गेल्या संवताचे अंदाज आणि खरे आकडे त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात द्यावेत. जाहिरातीची एक पट्टी कमी करावी लागेल, इतकंच.